मागावरून आलेला कान आणि घरातला स्पीकर



आपल्या घरांत गाण्याला मान आहे. ज्यांना अक्षर ओळखता येत नव्हते अशा आपल्या वडीलधाऱ्यांपर्यंत बाबासाहेबांचा विचार पोचविला तो आधी जलशांनी, नंतर गायनपार्ट्यांनी आणि पुढे कॅसेटींनी. वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज वस्तीतल्या टेपवर ऐकतच आमची पिढी मोठी झाली. तेव्हा "गाणी बंद करा" असे सांगणारे आम्ही नव्हे. कॅसेट गेली, सी.डी. आली आणि तीही गेली. आता कुणाकडे होम थिएटर आहे, कुणाकडे साउंडबार, कुणाकडे चार्जिंगचा ब्लूटूथ स्पीकर, तर कुणी लोकल कारागिराकडून अ‍ॅम्प्लिफायर बांधून घेतला आहे. बहुतेक ठिकाणी हप्ते चालू आहेत. कष्टाच्या पैशाने आणलेली वस्तू आहे, ती वाजवायलाच हवी.

पण भिवंडीत ती कशी वाजवावी, हे थोडे निराळे सांगावे लागते. पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांत जो सल्ला छापून येतो तो दिवसभर कचेरीत बसून आलेल्या माणसासाठी असतो. आपल्या घरातला कर्ता माणूस पाळीभर धोट्यांच्या खडखडाटात उभा राहून येतो. मंदीने पुष्कळ कारखाने बंद पडले, काहींनी नवे शांत माग बसविले, हे खरे. तरीही साध्या मागांच्या शेडमध्ये आजही दोन माणसे एकमेकांच्या कानाला तोंड लावून किंवा हातवारे करूनच बोलतात.

आवाज मोजण्याचे माप डेसिबल. हे माप किलो-मीटरसारखे सरळ चढत नाही, हे आधी लक्षात घ्यावे. तीन डेसिबल वाढले की आवाजाची शक्ती दुप्पट होते, दहा वाढले की दहापट. आपले साधे बोलणे साठच्या आसपास असते. मागाच्या शेडमधला आवाज पंचाण्णव ते शंभरच्या घरात जातो. जागतिक आरोग्य संघटनेने गाणी ऐकण्यासाठी जी मर्यादा सुचविली आहे ती मोठ्या माणसाला आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास अशी आहे. लहान मुलांसाठी तितकेच तास, पण ७५ डेसिबल. त्यापुढे प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मा करायचा. म्हणजे ८३ वर २० तास, ८६ वर १० तास, ८९ वर ५ तास. असे उतरत गेले की ९५ वर आठवड्याला सव्वा तास उरतो आणि १०० वर वीस-पंचवीस मिनिटे. कारखान्यासाठीची मर्यादा सैल आहे, आपल्याकडे ती ९० डेसिबलला आठ तास अशी धरतात. पण काम आणि करमणूक असा फरक कानाला कळत नाही. आम्ही कॉमर्सचे विद्यार्थी, म्हणून आमच्या भाषेत सांगायचे तर मागवाल्याच्या कानाचे खाते घराचा उंबरठा ओलांडण्याआधीच ओव्हरड्राफ्टमध्ये गेलेले असते.

त्यातही मर्यादा सांगताना आठ तास हा हिशेब का धरतात, ते लक्षात घ्या. १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आले, तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. ४८ तास म्हणजे सहा दिवस, दिवसाला आठ तास. भिवंडीच्या मागावर मात्र बारा तासांची पाळी अजून सर्रास चालते. म्हणजे कानाला आठच्या जागी बारा तास मार बसतो आणि विसाव्याचे तास सोळाऐवजी बाराच उरतात.

या विसाव्यालाच महत्त्व आहे. कानाच्या आत शंखासारख्या नळीत बारीक केसांच्या पेशी असतात, एका कानात सुमारे पंधरा हजार. मोठ्या आवाजाने त्या थकतात, वाकतात. पाळी सुटल्यावर कान बधिर वाटतो, आत कुई अशी शिट्टी वाजत राहते, ती याच थकव्याची. रात्रभर शांतता मिळाली तर त्यातल्या पुष्कळशा सावरतात. रोज मार बसला आणि विसावा मिळाला नाही तर मरतात. मेलेली पेशी माणसाला पुन्हा येत नाही. त्यावर औषध नाही, तेल नाही, ऑपरेशनही नाही.

आता घरी काय घडते ते पाहा. गृहस्थ दिवसपाळीवरून आठ वाजता येतात. कान बधिर झालेला असतो. पोराने बारावर ठेवलेला टी.व्ही. त्यांना पुटपुटल्यासारखा वाटतो. ते बटण दाबून आवाज पंचवीसवर नेतात. त्यांना तो बेताचा वाटतो, कारण त्यांचा कान झाकल्यासारखा असतो. पण त्याच दहा बाय दहाच्या खोलीत अभ्यास करणारी मुलगी, पाळण्यातले बाळ आणि चुलीपाशी बसलेली आई यांचे कान चांगले असतात. ती तिघेही तो आवाज पुरा सोसतात. हळूहळू तोच त्या घराचा नेहमीचा आवाज होतो. मागावर कधीही पाऊल न ठेवलेल्या मुलांच्या कानांत माग असा शिरतो. आणि ज्या तासांत वडिलांच्या कानाला विसावा मिळायचा ते तासही जातात ते निराळेच.

"आम्हांला आवाजाची सवय झाली आहे," असे पुष्कळ बांधव अभिमानाने सांगतात. ज्याला आपण सवय म्हणतो तो पुष्कळदा बहिरेपणाचा पहिला टप्पा असतो. गोंगाटाने येणारा बहिरेपणा सगळे आवाज एकदम नेत नाही. तो आधी बारीक, तीक्ष्ण आवाज नेतो. जाड आवाज बराच काळ शाबूत राहतात. ढोलकीचा ठेका ऐकू येतो, म्हणून माणसाला वाटते की कान ठीक आहे. पण स, श, फ, ख, थ ही अक्षरे निसटू लागतात. साठ म्हटले तर आठ ऐकू येते. शाळा म्हटले तर आळा. लोक तोंडातल्या तोंडात बोलतात अशी तक्रार सुरू होते. बायको एक सांगते, नवरा दुसरेच आणतो, आणि त्यावरून भांडणे होतात. मुलांना वाटते बाप तापट झाला. आम्ही समाजकार्याच्या निमित्ताने घरोघर बसतो तेव्हा अशी भांडणे पुष्कळ ऐकतो, आणि त्यांतल्या काही ठिकाणी आधी कान तपासून घ्या असे सांगावेसे वाटते. गोंगाटाने येणाऱ्या बहिरेपणाची कारखाना कायद्याच्या परिशिष्टात व्यावसायिक आजार म्हणून नोंद झाली, त्याला अनेक वर्षे लोटली. पण भिवंडीच्या शेडमध्ये त्याची दखल कोण घेतो?

तो मोठा लढा आहे आणि संघटनेनेच तो लढावा लागेल. तोवर घरातले बटण तरी आपल्या हातात आहे. त्याबाबत आमचे स्पष्ट मत असे की, ज्या घरात मागवाला आहे त्या घरात आवाजाचे बटण मागावर न जाणाऱ्याच्या हातात असावे. हे ऐकून काही बांधवांना राग येईल. कमावता मी आणि रिमोट बायकोकडे, असेही कुणी म्हणेल. पण दारू प्यालेल्या माणसाने आपण शुद्धीत आहोत की नाही हे स्वतः ठरवू नये, तसेच बधिर झालेल्या कानाने घराचा आवाज ठरवू नये.

सुटीच्या दिवशी सकाळी, सगळ्यांचे कान ताजे असताना, गाणे लावावे. दोघांनी हातभर अंतरावर उभे राहून नेहमीच्या स्वरात बोलावे. ओरडावे न लागता बोलणे कळले तर आवाज ठीक. आवाज चढवावा लागला तर तो पंचाऐंशीच्या वर गेला असे समजावे. ठीक जमला त्या जागी बटणावर नेलपॉलिशने रेघ मारावी. रिमोटचे यंत्र असेल तर आकडा कागदावर लिहून शेजारी चिकटवावा. मोबाइलवर आवाज मोजण्याची मोफत अ‍ॅप मिळतात. त्यांचा आकडा तंतोतंत नसतो, पण अंदाज येतो. मग पाळीवरून आल्यावर कितीही कमी वाटले तरी रेघ ओलांडायची नाही. ज्याला कमी ऐकू येते त्याने स्पीकरजवळ बसावे. सगळ्या घराने त्याच्या कानाएवढा आवाज सोसू नये.

आणखी एक. गाण्यातले शब्द कळत नाहीत म्हणून आवाज वाढविण्याआधी बास कमी करून पाहावा. आपल्या गाण्यांचा जीव शब्दांत आहे. पण नव्या यंत्रांवर बास इतका चढविलेला असतो की धमधम तेवढी उरते आणि कवीने काय लिहिले ते कळत नाही. स्पीकरची पेटी खोलीच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून ठेवली की ही धमधम आणखी वाढते आणि भिंतीतून शेजाऱ्याकडे जाते. ती भिंतीपासून थोडी पुढे, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला ठेवावी. मग कमी आवाजातही शब्द स्पष्ट येतात.

शेजाऱ्याचा विषय निघालाच आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. घरातल्या खासगी यंत्राचा आवाज घराच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा पाचहून अधिक चढता कामा नये. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात हेच बजावले. म्हणजे रात्री आपल्या दाराबाहेर ५० च्या आत. हळू आवाजातले बोलणे एवढेच झाले ते. पण भिवंडीत याहून मोठा एक प्रश्न आहे. कायद्याची रात्र दहाला सुरू होते. रातपाळी करून आलेल्या माणसाची रात्र सकाळी नऊला सुरू होते. दुपारी तीनपर्यंत तो झोपला तर रात्री मागावर त्याचा हात शाबूत राहील. अर्धी झोप झालेला माणूस चालत्या मागाजवळ उभा राहतो, तेव्हा काय होऊ शकते हे आपल्याला सांगायला नको. त्याच्या झोपेसाठी कोणत्याही नियमात तास राखून ठेवलेले नाहीत. ते चाळीनेच ठेवायचे. कुणाची कोणती पाळी आहे हे चाळीतल्या बायकांना पाठ असते. दाराला लावलेला पडदा पाहूनही कळते. त्या आठवड्यात त्या भिंतीकडचा स्पीकर दुपारी बंद, एवढे ठरविले तर पोलिसांना ११२ वर फोन करण्याची पाळी कुणावर येणार नाही. मिरवणुकीतल्या डीजेबद्दल आम्हांला बरेच बोलायचे आहे, पण ते स्वतंत्र लेखात.

आता विजेकडे वळू. येथे चुकले तर कानाचा नव्हे, जिवाचा प्रश्न असतो.

दुकानदार "पाच हजार वॅट पी.एम.पी.ओ." असे मोठ्या अक्षरांत लिहिलेली पेटी दाखवितो. त्या आकड्याला काही अर्थ नाही. पेटीची मागची बाजू पाहावी. तेथे विजेचा खप ६० वॅट लिहिला असेल तर त्यातून सतत पाच हजार वॅट कोठून निघणार? खर्च जमेपेक्षा जास्त दाखविणारा ताळेबंद आम्ही तरी पास करणार नाही. विचारायचे असेल तर "आर.एम.एस. किती?" असे विचारावे. दहा बाय दहाच्या खोलीला दहा-वीस वॅट खूप झाले.

म्हणजेच गाण्याचे यंत्र वीज फार खात नाही. धोका असतो तो त्याच्या शेजाऱ्यांचा. साधा सॉकेट ६ अँपियरचा असतो. २३० व्होल्टला ६ ने गुणले तर १३८० वॅट होतात. त्याच एक्स्टेंशन बोर्डावर स्पीकर, टी.व्ही., फोनचा चार्जर आणि वर पाणी तापविण्याचा दीड हजार वॅटचा रॉड लावला की हिशेब संपला. वायर गादीखालून गेलेली असते, ती तापून मऊ होते आणि कळतही नाही. रॉड आणि इस्त्री गाण्याच्या बोर्डावर कधीही लावू नये.

बांधून घेतलेल्या अ‍ॅम्प्लिफायरचा डबा पत्र्याचा असतो. त्याला तीन पिनांचा प्लग आणि खरे अर्थिंग हवेच. पुष्कळ घरांत तीन भोके दिसतात, पण तिसऱ्याच्या मागे वायरच नसते. डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर "थोडा करंट येतो, काही होत नाही" असे म्हणून चालवू नये. पावसाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या मुलाला तोच थोडा करंट पुरतो. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे आणि मीटरनंतर ३० मिलिअँपियरचा ई.एल.सी.बी. बसवून घ्यावा. विजेची गळती होताच तो डोळ्याचे पाते लवण्याआत पुरवठा तोडतो. घरातले सर्वांत स्वस्त जीवनरक्षक यंत्र हेच. ज्या कंपनीच्या यंत्रावर चौकोनात चौकोन अशी खूण असते त्याला दुहेरी आवरण असते, त्याला दोन पिनाच पुरतात.

प्लग तुटला म्हणून उघड्या वायरी सॉकेटमध्ये घालून काडेपेटीच्या काड्या खुपसणे, ही सवय आपण कधी सोडणार? दुसरी तशीच सवय म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरची मागची काचेची फ्यूज उडाली की तिला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणे. फ्यूज उडते ती आत काही बिघडले म्हणून. तिचा मार्ग बंद केला की पुढचे जळते ते ट्रान्सफॉर्मर, आणि त्यानंतर घर. पिन काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, म्हणून डबा उघडून पाहण्याची हौस मुलांना करू देऊ नये. स्पीकर जास्त जोडण्याची हौसही बेताची असावी. आठ ओहमचे दोन स्पीकर शेजारी शेजारी एकाच जोडणीवर लावले की अ‍ॅम्प्लिफायरला ते चार ओहमचे होतात, त्याला जास्त करंट द्यावा लागतो आणि तो तापतो. मागे चार लिहिले नसेल तर लावू नये.

तापण्याचा विषय माता-भगिनींसाठी विशेष. क्रोशाचा रुमाल विणून यंत्रावर घालण्याची आपली रीत सुंदर आहे, पण चालू यंत्रावर तो नको. वरची जाळी यंत्राला श्वास घेण्यासाठी असते. त्यात मागाच्या शेजारी घर असेल तर हवेत सुताचे तंतू उडतच असतात. महिना-दोन महिन्यांत जाळीवर त्यांचा थर साचतो. उष्णता कोंडते, आणि कापसाचा तंतू ठिणगीला लगेच पेटतो. पिन काढून, यंत्र थंड झाल्यावर, कोरड्या ब्रशने आठवड्याला जाळी झाडावी. मागे चार बोटे जागा सोडावी. जड पेटी उंच फळीवर, विशेषतः मुले झोपतात त्या जागेवर, ठेवूच नये. शेजारी माग चालू असला की भिंत सतत थरथरते आणि पेटी कणाकणाने कडेला सरकत येते.

कामवारीला पूर आला की सखल वस्त्यांत पाणी शिरते. २६ जुलै २००५ चा दिवस कुणी विसरलेले नाही. पाणी चढू लागले की आधी मुख्य बटण बंद, मग सामान वर. भिजलेले यंत्र वरून सुकले तरी आत ओल असते. कारागिराने उघडून पाहिल्याशिवाय ते लावू नये. गडगडाट सुरू झाला की पिन आणि केबलची वायर दोन्ही काढून ठेवाव्यात.

चार्जिंगच्या स्पीकरबद्दल थोडक्यात. त्याची बॅटरी फुगली, कड उघडली, तर तो पुन्हा चार्ज करू नये. रात्री अंथरुणात चार्जिंगला लावून झोपू नये. चार्जरवर आर अक्षरापासून सुरू होणारा आठ आकडी बी.आय.एस. नोंदणी क्रमांक आहे का ते पाहावे. शंभर रुपये वाचवून बिननंबरी चार्जर आणला आणि त्यावर फोन लावून कानात वायरचे इअरफोन घातले, तर चार्जरमधला दोष सरळ कानापर्यंत येतो. मुलांच्या इअरफोनचा आवाज निम्म्याच्या थोडा वर, त्यापुढे नाही. कान वाहत असलेल्या मुलाचे इअरफोन दुसऱ्याने घालू नयेत.

मागावर दहा-पंधरा वर्षे झालेल्या प्रत्येक बांधवाने आणि भगिनीने एकदा कान तपासून घ्यावेत, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. आपल्या येथील इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात आधी विचारावे. सविस्तर तपासणीसाठी मुंबईत वांद्रे रेक्लमेशन येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. १९८३ साली स्थापन झालेली ही केंद्र सरकारची संस्था आहे आणि कान व वाचा हेच तिचे काम आहे. ठाण्यापर्यंत बसने, तेथून लोकलने दादर, आणि गाडी बदलून वांद्रे. यंत्राची गरज निघाली तर केंद्राच्या एडिप योजनेतून कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना श्रवणयंत्र मिळू शकते, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला आणि आधार कार्ड सोबत न्यावे. मात्र रातपाळी करून थेट तपासणीला जाऊ नये. निदान सोळा तास कान गोंगाटापासून दूर असावा लागतो, नाहीतर मागाचा तात्पुरता बधिरपणाही कागदावर बहिरेपणा म्हणून उतरतो. सुटीच्या दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ घ्यावी, आणि आदल्या संध्याकाळी घरातला स्पीकरही बंद ठेवावा.